दोन टिंबांचा आकडा

सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं ते असं: ०.४०.५०. म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. एक एकर आणि वर जेमतेम तीन चौरस मीटर. भोर-वेल्ह्यातल्या बहुतेक घरांत हा कागद ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत असतो, आणि वाचता न येणारी म्हातारी माणसंही त्यावरचा आपला आकडा बोट ठेवून दाखवतात. कॉम्प्युटरला मात्र तो आकडा वाटलाच नाही. त्याने उत्तर दिलं, ४२२.

"म्हणजे काय रे?" मी भाच्याला फोनवर विचारलं.

"आत्या, तू पाठवलेलं त्याला मिळालं, वाचताही आलं. पण जिथे संख्या पाहिजे तिथे संख्या नाही, म्हणून तो घेत नाहीये."

"चाळीस आर ही संख्या नाही?"

"अगं, एका संख्येत दोन टिंबं कशी असतील?"

यावर काय बोलणार! शाळेत दशांश चिन्ह एकच शिकवलं होतं हे खरं. पण तलाठ्याच्या कागदावर दोन टिंबं आहेत हेही खरं, आणि आमच्याकडे दुसरंच जास्त खरं धरतात.

मी पतसंस्थेत खातेवह्या लिहिलेली बाई. माहेर वेल्ह्याकडचं, कानद खोऱ्यातलं. सासर भोरचं, वेळवंड खोऱ्यातलं. दोन्हीकडच्या काही गावांनी मिळून भाताचा गट केला आहे. इंद्रायणी आणि थोडा आंबेमोहर भरडून पुण्यातल्या घरांना थेट द्यायचा, मधला व्यापारी नको, असा बेत. कोणी कुठल्या गट नंबरात कुठलं भात लावलं, किती पोती झाली, कोणाला किती पैसे द्यायचे, हे सगळं एका वहीत होतं आणि वही माझ्याकडे होती. भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "फोनवर दिसणारा फॉर्म मी करतो. त्याच्यामागचं एपीआय तू कर. लावणी उरकली की तुला वेळच आहे." एपीआय म्हणजे फोनवरचा फॉर्म आणि आमच्या नोंदी यांच्या मधोमध बसलेला प्रोग्राम. फॉर्म त्याच्याकडे मागणी करतो, तो नोंदी बघून उत्तर देतो. ते पायथनमध्ये लिहायचं, फास्टएपीआय नावाचं तयार साहित्य वापरून. त्याचं म्हणणं, हिशेब कळणाऱ्याला हे अवघड नाही.

पहिल्याच पायरीवर तो म्हणाला, "आधी मॉडेल लिही." मला वाटलं आधी काम लिहायचं, बेरीज-वजाबाकी. तर नाही. आधी हे सांगायचं की 'जमीन' म्हणजे काय. तिला कुठकुठले रकाने आहेत, प्रत्येक रकान्यात काय मावतं, काय मावत नाही, कुठला रिकामा ठेवलेला चालेल, कुठला चालणार नाही. पूर्णांक, दशांश, अक्षरं, तारीख, हो-नाही. एवढ्या पाच-सहा प्रकारांत आमची दोन खोरी बसवायची.

त्यात ही व्याख्या दोनदा लिहायची असते, हे कळल्यावर मी हातच टेकले. एक पायडँटिकचं मॉडेल, एक एसक्यूएलअल्केमीचं. दोन्हींत तेच गाव, तोच गट नंबर, तेच क्षेत्र. "एकदा सांगितलेलं त्याला कळत नाही का?" असं मी म्हटलंही. पहिलं मॉडेल दारात उभं राहून येणाऱ्या धान्याची पारख करतं आणि दुसरं कोठीत कुठे कशी थप्पी लावायची ते सांगतं, हे मला फार उशिरा उमजलं. दारात येणाऱ्याने ०.४०.५० म्हटलेलं चालेल. आत ठेवताना ते वेगळ्या रूपात ठेवता येईल. हे लक्षात आलं आणि मग ४२२चं कोडं सुटलं.

सुटलं म्हणजे, त्याच्या आत दुसरं निघालं.

भाच्याचा सल्ला असा की सगळं चौरस मीटरमध्ये पूर्णांक करून ठेव. चाळीस आर म्हणजे चार हजार चौरस मीटर, वर पन्नास. ४०५० लिही, टिंबांची भानगडच नको. दारातल्या मॉडेलमध्ये एक छोटी तपासणी लिहिली: टिंबांवर तुकडे कर, तीन तुकडे पाहिजेत, दुसरा आणि तिसरा शंभराच्या आत पाहिजे. चाललं. मग वहीतली एक ओळ आली ०.४०.५. हे पाच चौरस मीटर की पन्नास? वहीत लिहिताना कोणी विचारलं नव्हतं. लिहिणाऱ्याला माहीत होतं, वाचणाऱ्यालाही माहीत होतं, म्हणून टिंबानंतर एकच आकडा पुरला. आता तपासणीत 'दोन आकडे पाहिजेतच' अशी अट घातली आणि त्या घरी जाऊन कागद बघून आले.

त्याहून वाकडं प्रकरण जुन्या कागदांचं. आमच्याकडच्या जुन्या उताऱ्यांवर आणि वाटणीपत्रांवर क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे, आणि म्हातारी माणसं अजून गुंठ्यांतच बोलतात. एका नानांनी त्यांच्या दोन तुकड्यांचं क्षेत्र मला लिहून दिलं: २.३५ आणि १.२०. एकच टिंब! दशांश म्हणून यंत्राने ते आनंदाने घेतलं, बेरीज करून दिली ३.५५. तक्रार नाही, ४२२ नाही. पण नानांचं २.३५ म्हणजे दोन एकर पस्तीस गुंठे, आणि एकराचे गुंठे असतात चाळीस. खरी बेरीज चार एकर पंधरा गुंठे. यंत्राचे ३.५५ एकर म्हणजे तीन एकर बावीस गुंठे. तेहतीस गुंठे जमीन एका टिंबात गेली. आमच्याकडे बांधावरच्या वीतभर जागेवरून भाऊबंद कोर्टात जातात. तेव्हापासून नाकारणाऱ्या यंत्रापेक्षा मुकाट्याने घेणाऱ्या यंत्राची मला जास्त धास्ती वाटते. क्षेत्रासोबत 'एकक' हा रकाना सक्तीचा केला: हेक्टर-आर की एकर-गुंठे. ते सांगितल्याशिवाय आकडा घ्यायचाच नाही.

मुकाट्याने घेणारं आणखी एक होतं. सुरुवातीला भाच्याने मला एसक्यूलाइट हा डेटाबेस दिला, कारण तो एका फाइलमध्ये राहतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. आपल्या फोनमध्येही तोच असतो. मी त्यात क्षेत्राचा रकाना पूर्णांकाचा केला आणि गंमत म्हणून, दारातली तपासणी टाळून, थेट त्या रकान्यात 'दोन एकर' असं अक्षरांत लिहून पाहिलं. घेतलं! भाचा हसला. म्हणाला, त्याचा स्वभावच तसा आहे, मुद्दाम तसा केलाय. प्रकार सांगितला तरी तो सक्ती करत नाही, हवी असेल तर तसं टेबल करताना सांगावं लागतं. पुढे पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलो, तेव्हा तोच प्रकार त्याने झटक्यात परत केला.

पैशांच्या बाबतीत मला वाटलं होतं की माझं घोडं गंगेत न्हालेलं आहे. पतसंस्थेत पैशापैशाचा ताळा लावलेला. पण पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर तो ०.३ म्हणत नाही. तीनानंतर पंधरा शून्यं आणि शेवटी चार, असं काहीतरी म्हणतो. फ्लोट नावाच्या प्रकारात संख्या दोनाच्या घातांत ठेवलेली असते, आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही. जसा एकतृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही, ०.३३३३ असा लांबतच जातो. म्हणून पैशांना फ्लोट लावायचा नाही, डेसिमल लावायचा, आणि टेबलात टिंबानंतर दोन आकडे असं बांधून टाकायचं. हे मला एकदम पटलं. हिशेबात नवा पैसाही इकडचा तिकडे झाला तर रात्री आठपर्यंत बसायला लागायचं, हे मी अनुभवलेलं आहे. विज्ञानाला चालत असेल फ्लोट. भाताच्या पट्टीला नाही.

एकतृतीयांशावरून हिस्से आठवले. सातबाऱ्यावर नावं सामाईक असतात. एका गटात तीन भाऊ, एक चुलती, आणि त्यातल्या एका भावाचा दुसऱ्या गावात आणखी तुकडा. एका माणसाच्या अनेक जमिनी आणि एका जमिनीची अनेक माणसं. यासाठी मधे तिसरं टेबल लागतं, ज्यात फक्त एवढंच: हा माणूस, ही जमीन, एवढा हिस्सा. माणूस आणि जमीन यांच्यामधली ही ओळ हेच आमच्याकडच्या निम्म्या भांडणांचं घर आहे, आणि तिच्यासाठी एक स्वतंत्र टेबल असावं हे मला फारच योग्य वाटलं. पण हिस्सा कशात लिहायचा? तीन भावांना ०.३३ दिलं तर बेरीज ०.९९, एक टक्का जमीन कोणाचीच नाही. आमच्या घरातलं एक जुनं वाटणीपत्र काढलं, तर त्यात हिस्से आणे-पैंत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयात १९२ पै. त्याचे तीन भाग केले की प्रत्येकी ६४ पै, पाच आणे चार पै. बाकी शून्य. दशांशाला जे जमत नाही ते या मोडीत निघालेल्या नाण्यांना सहज जमत होतं. भाच्याला सांगितलं तर तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, पण पाच वारस आले तर? पाचाने १९२ला भाग जात नाही. शेवटी अंश आणि छेद असे दोन पूर्णांकांचे रकाने केले. एक, तीन. वाटा कितीही होऊ दे.

आता नावं. प्रोग्रामिंगच्या धड्यांमधल्या प्रत्येक उदाहरणात माणसाला दोनच नावं असतात, पहिलं आणि शेवटचं. आमच्याकडे मधलं नाव हीच माणसाची ओळख. एकाच आडनावाच्या वाडीत पहिलं नाव सारखं असलेले चारजण निघतात, बापाच्या नावाने ओळखायचे. बाईचं मधलं नाव लग्नानंतर बदलतं, पण माहेरच्या सातबाऱ्यावर ती वडिलांच्याच नावाने राहते. माझंच तसं आहे. त्यातून १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं, मुलाचं नाव, आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मी सगळं गुंडाळून 'पूर्ण नाव' असा एकच अक्षरांचा रकाना केला, आणि शेजारी 'कागदावरचं नाव' असा दुसरा.

तो दुसरा का, तर सातबाऱ्यावरचा माणूस आणि शेतात उभा असलेला माणूस एक असेलच असं नाही. कित्येक उताऱ्यांवर आजोबाच आहेत, वारले त्याला जमाना झाला तरी. वारसनोंदीसाठी सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती काही उगाच नाही. शिवाय नावापुढे ए.कु.मॅ. लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्यांची, नाव थोरल्याचं. कुठे अ.पा.क., अज्ञानाचा पालनकर्ता. तो 'अज्ञान' आता नातवंडांना खेळवतो आहे. हे सगळं नावाच्याच रकान्यात कोंबलेलं. मॉडेलमध्ये त्याची 'भूमिका' अशी वेगळी सोय करावी लागली, आणि तिच्यात ठरावीक पर्यायांपैकीच एक निवडता येईल अशी अट. अशा ठरावीक यादीला एनम म्हणतात. एनम मला आवडला. ज्याने त्याने मनाला येईल तसं लिहिण्याला त्याने चाप बसतो. भाताच्या जातीलाही तोच लावला, कारण वहीत 'इंद्रायणी', 'इंद्रायनी', 'इंद्रा.' आणि एके ठिकाणी नुसतं 'नेहमीचं' असं होतं.

मराठी टाइप करण्यातही भलतंच काही निघतं. गोऱ्हे आडनावाचं एक घर शोधायला गेले तर सापडेना, समोर यादीत दिसतंय तरी. ते 'ऱ' अक्षर दोन तऱ्हेने साठवता येतं: एकसंध, किंवा साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन वेगळी नावं. साठवण्याआधी सगळं एका साच्यात आणणारी एक ओळ लिहावी लागते, ती लिहिली. 'वेल्हे' हे नाव डोळ्यांना दोन अक्षरांचं, पायथन त्याची लांबी सहा सांगतो, कारण तो मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतो. रकान्याची कमाल लांबी ठरवताना हे धरून चालावं लागतं. आकड्यांचंही तसंच. फोनवर मराठी कीबोर्ड असला की माणूस बारा देवनागरीत लिहितो. नुसत्या पायथनला ते समजतं, त्याचा 'बारा' हा आकडा करून दाखवतो. पण फॉर्मकडून निरोप येतो तो जेसन नावाच्या रूपात, आणि त्यात संख्या म्हणजे इंग्रजी अंकच. तेही दारातच बदलून घ्यायचं ठरलं. एक मात्र सुखद धक्का: पायथन ३मध्ये रकान्यांची नावं देवनागरीत देता येतात. माझ्या मॉडेलचं नाव 'जमीन' आहे, रकाना 'पोटखराब' आहे. हे भाच्यालाही माहीत नव्हतं. त्याने नापसंती दाखवली, मी बदललं नाही.

गट नंबर हा नंबर नाही, हे कळायला त्या मानाने काहीच वेळ लागला नाही. १२३/२/अ ही संख्या कशी असेल? अक्षरांचा रकाना. वही आधी आमच्यातल्या एका पोराने एक्सेलमध्ये उतरवली होती, तिथे हिस्सा ३/४ची झाली होती तारीख, तीन एप्रिल. यात आम्ही एकटे नाही. माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली, कारण 'मार्च १' असं दिसणाऱ्या नावाची एक्सेल तारीख करून टाकायचं. शास्त्रज्ञांनी जनुकाचं नाव बदललं. आमच्या हिश्श्याचा नंबर बदलायचा तर मोजणीपासून सुरुवात. मोबाइल नंबरही तसाच, बेरीज करायची नाही तो आकडा नव्हेच, आणि एका घरात तिघांना मिळून एक फोन असतो, तेव्हा त्याच्यावरून माणूस ओळखायचा नाही.

मग ओळखायचं कशावरून? प्रत्येक ओळीला एक खूण पाहिजे, जी दुसऱ्या कोणाची नसेल आणि कधी बदलणार नाही. तालुक्याच्या टेबलात मी साधेपणाने नावच खूण म्हणून धरलं होतं: भोर, वेल्हे. तालुक्याचं नाव काय बदलणार आहे? तर मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला. राजगड, तोरणा दोन्ही किल्ले तालुक्यातच, मागणी जुनी, लोक खूश. पण माझ्या टेबलात ज्या गावांच्या ओळी 'वेल्हे' या शब्दाला बांधलेल्या होत्या त्या सगळ्या आता सोडवायच्या. भाचा म्हणाला, म्हणूनच खूण म्हणून ज्याला काही अर्थ नाही असा नंबर द्यायचा असतो. नाव हा त्याचा नुसता एक गुण. एका जागी 'राजगड' लिहिलं की काम झालं, गावं आपल्या नंबरला धरून राहतात. जनगणनेतही प्रत्येक गावाला सहा आकडी नंबर असतो. मला तो नेहमी रुक्ष सरकारी कारभार वाटायचा. वर्वे बुद्रुक आणि वर्वे खुर्द शेजारी-शेजारी असलेल्या मुलखात त्याला पर्याय नाही, आणि गट नंबरही एका गावापुरताच एकमेव असतो, शेजारच्या गावात तोच नंबर पुन्हा. म्हणून गाव, गट आणि हिस्सा हे तिन्ही मिळून एकदाच, अशी अट घातली.

या सगळ्यात ज्याने मला खरं छळलं तो रिकामा रकाना. पोटखराबाचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा. वहीत निम्म्या ओळींपुढे काही नाही. पोटखराब नाहीच म्हणून काही लिहिलं नाही, की आहे पण कोणी विचारलं नाही? डेटाबेसमध्ये या रिकामेपणाला नल म्हणतात आणि तो शून्य नव्हे. शून्य म्हणजे माहीत आहे की नाही. नल म्हणजे माहीतच नाही. तो इतका विचित्र की नल बरोबर नल का, असं विचारलं तर उत्तर 'हो' येत नाही. 'नाही'ही येत नाही. दोन माहीत नसलेल्या गोष्टी सारख्या आहेत का, हेही माहीत नाही! तर्काने बिनतोड, पण व्यवहारात डोक्याला ताप. लागवडीचं क्षेत्र अधिक पोटखराब केलं की ज्याचा पोटखराब रिकामा त्याची अख्खी बेरीजच रिकामी. मात्र संपूर्ण रकान्याची बेरीज मागितली, तर रिकामे वगळून उरलेल्यांची बेरीज हसत पुढे करतो. एकाच घरात दोन न्याय.

आणि 'ऑप्शनल' या शब्दाने तर माझा अंतच पाहिला. पायडँटिकमध्ये एखादा रकाना ऑप्शनल लिहिला की मला वाटलं, तो दिला नाही तरी चालेल. तर पुन्हा ४२२. तिथे ऑप्शनलचा अर्थ एवढाच की त्यात नल टाकलेला चालेल. पण रकाना पाठवायचा मात्र असतोच. पाठवलाच नाही तरी चालायला हवं, तर 'काही आलं नाही तर नल धर' असं वेगळं लिहायला लागतं. भाच्याने हे मला दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा मी 'हां, हां' म्हटलं, फोन ठेवला आणि स्वतः करून बघितल्यावर पटलं.

पोटखराबासाठी मी घरोघर विचारायचं ठरवलं. वाटलं होतं दोन आठवड्यांचं काम, पण प्रश्न विचारला की माणसं दुसरंच सांगायला लागतात. एकाने सांगितलं, पोटखराब नाही, पण पाण्याखाली आहे. भाटघर धरण ब्रिटिशांच्या काळातलं. त्याच्या काठच्या कित्येक जमिनी पावसाळ्यात पाण्यात जातात आणि उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की पुन्हा वर येतात. कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळसुद्धा असंच, वर्षातले बरेच महिने पाण्यात, मे महिन्यात उघडं. त्या उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात, जमीन सरकारची, पीक त्यांचं. माझ्या मॉडेलमध्ये रकाना होता 'बागायत आहे का', उत्तर हो किंवा नाही. अशा जमिनीला काय लिहू? सहा महिने जमीनच नाही आणि उरलेल्या दिवसांत तिच्याइतकी ओली दुसरी नाही. हो-नाहीचा रकाना काढून टाकला. त्या जागी पर्याय: जिरायत, बागायत, गाळपेर. खरं तर हो-नाहीचे जेवढे रकाने मी केले होते त्यातले बहुतेक असेच मोडले.

मापांचंही थोडं सांगते. पोती वजनावर घ्यायची म्हणून ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवले, तिथे अडचण नाही. पण मागच्या वर्षांच्या नोंदी काहींनी पायलीत आणि खंडीत दिल्या. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, हे सगळ्यांना मान्य. मण मात्र कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. शिवाय पायली हे भरून मोजायचं माप, वजनाचं नव्हे. भाताची पायली आणि तांदळाची पायली यांचं वजन वेगळं. मी त्या जुन्या नोंदी टेबलात आणल्याच नाहीत. वहीत आहेत, तिथे बऱ्या आहेत.

एवढं सगळं केल्यावर उरलंच की. विहिरीच्या पाण्यात तिसरा हिस्सा, पण फक्त रब्बीला. बांधावरचा आंबा चुलत्याचा, खालची जमीन आपली. सोसायटीचं कर्ज. सातबाऱ्यावर यासाठी 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो, आणि तो कागदावरचा सगळ्यात भरलेला रकाना असतो. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, कसलीही शिस्त नाही म्हणून. आता तो आखणाऱ्याबद्दल आदर वाटतो. मीही शेवटी 'शेरा' नावाचा एक मोकळा रकाना केला, लांबीची मर्यादा नाही, तपासणी नाही. भाचा म्हणाला, यात सगळे सगळंच लिहितील. लिहू देत की! वर्षभराने शेऱ्यात काय पुन्हा पुन्हा येतं ते बघू, त्याला स्वतःचा रकाना देऊ.

सध्या वाद अडलाय तो पुसण्यावरून. एपीआयला चार कामं यायला हवीत म्हणे: नोंद करणं, दाखवणं, बदलणं आणि काढून टाकणं. पहिली तीन झाली. चौथं मी लिहिलेलं नाही. सातबाऱ्यावर जुनं नाव कधी पुसून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. नाव वाचता येतं, फेरफाराचा, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर शेजारी असतो, कोणाचं कधी आणि का गेलं ते मागे जाऊन बघता येतं. मी टेबलात 'कंस' म्हणून तारखेचा रकाना घातला आहे, रिकामा असेल तर नोंद चालू. इथे मात्र नल अगदी चपखल बसला. त्याच्याशेजारी, फेरफाराच्या नंबरासारखं, नोंद का गेली याचं कारण पाहिजे, आणि ते सक्तीचं करायचं की नाही, हे बैठकीत ठरायचं आहे. कारण आमचा भाताचा गट सोडून गेलेल्या एकाने कारण सांगायला नकार दिला आहे. येत्या झोडणीच्या नोंदी फोनवरून घ्यायच्या, यावर सगळ्यांचं एकमत आहे. वही बंद करायची नाही, यावरही एकमत झालं, आणि तो ठराव मीच मांडला होता.